आवणीचा फोटो आणि टाचेवरची पिशवी

घोटीजवळच्या त्या रिसॉर्टने टाकलेल्या फोटोत मला हसताना पाहून तिथला नंबर मागणाऱ्यांनो, नंबर मिळणार नाही. आधी हे वाचा.

जुलैत माझी नणंद सुजाता म्हणाली, "वहिनी, भात खाण्यात जन्म गेला, एकदा लावून तरी बघू." जाहिरात होतीच: मातीशी नाळ जोडा, माणशी पंधराशे, जेवणासकट. रविवारी सकाळी नाशिकच्या इंदिरानगरातून निघालो. महामार्गावरचे खड्डे चुकवत घोटी गाठली, गरम भजी हाणली आणि आतल्या रस्त्याला लागलो. डोंगर हिरवेगार, ढग अगदी हाताशी. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले होते.

खाचरात सात-आठ बाया ओळीने आवणी करत होत्या, म्हणजे भाताची रोपं लावत होत्या. आम्हा पाहुण्यांना दाखवायला त्यांना रोजाने आणलेलं. त्यातल्या यमुनाबाईंच्या टाचेला दुधाची पिशवी गुंडाळलेली होती, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी.

"काय लागलं?" सुजातानं विचारलं. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, जखम दिसली की तिला राहवत नाही.

"इळा लागला. पाणी जाऊ नये म्हणून बांधलंय. यंदा पाणी लय घाण हाय. पयले पाऊस सारखा चालायचा, पाणी वाहतं राह्यचं. आता आठ-आठ दिस ऊन, नि मंग एका रातीत समदं. बिळं बुडली का उंदरं बांधावर नि घरात."

खाचरात उतरायला उचललेला पाय सुजातानं मागे घेतला. "त्या उंदरांचं मूत याच तुंबलेल्या पाण्यात. उघड्या जखमेतून लेप्टोचे जंतू शिरतात, वहिनी. कावीळ होते, किडनी जाते, माणूससुद्धा जातं."

एवढ्यात मॅनेजर कॅमेरा घेऊन आला. "मावशी, ती पिशवी काढा. फोटोत कचरा दिसतो."

माझं टाळकंच सरकलं. "जखम आहे त्यांना! बांधावर बसवा आधी!"

"मॅडम, गेस्टना ओरिजिनल फील लागतो."

ओरिजिनल म्हणे! स्वतः मात्र गुडघ्यापर्यंत बूट घालून उभा. मी त्याच्यावर ओरडत होते, तोवर यमुनाबाईंनीच पिशवी सोडून कमरेला खोचली. "जाऊ द्या ताई, उद्याचा रोज जाईल माझा." त्यांनी पाय चिखलात घातला आणि फोटो निघाला. त्यात मी बांधावर तोंड उघडून उभी आहे. तेच तुम्हाला हसू वाटलं.

जेवणात इंद्रायणी भात, कुळथाचं पिठलं, नागलीची भाकरी. चव छान होती, तरी मी अर्धं ताट तसंच ठेवलं. निघताना सुजातानं यमुनाबाईंना आपला नंबर देऊन बजावलं, "सरकारी दवाखान्यात जाऊन लेप्टोची गोळी मागा. ताप आला, पोटऱ्या दुखल्या तर थांबू नका, मला फोन करा."

"आज रविवार, बंद हाय. उद्या आवणी." त्या हसल्या.

दहाएक दिवसांनी त्यांच्या सुनेचा फोन आला. ताप होता. गावातल्या डॉक्टरनं 'सीझनचा आहे' म्हणून सुई टोचून घरी पाठवलं होतं, आता डोळे पिवळे झाले होते. सुजातानं त्यांना नाशिकला आणवलं. वाचतील म्हणतात, किडनीचं अजून सांगत नाहीत. पाऊस वेड्यासारखा पडतोय, ते आपण सगळे मिळून भोगू. पण ती पिशवी पावसानं सोडली नव्हती.

काल वॉर्डात भेटायला गेले. "ताई, फोटो कसा आलाय?" त्यांनी विचारलं. मी मोबाइल पुढे केला. बराच वेळ त्या आपला पाय शोधत राहिल्या.

"पिशवी नाय दिसत," त्या म्हणाल्या. "बरं झालं. पुढल्या साली बोलवतील."