आईनं पाठमोरं बसून टीव्ही निवडला

मंडळी, आज आईला घेऊन मेहकरला स्मार्ट टीव्ही घ्यायला गेलो होतो. आठ-दहा वर्षं टिकेल असा दाखवा, असं दुकानदाराला सांगितलं.

त्यानं चार टीव्ही सुरू केले. मी रंग पाहत होतो. आई मात्र खुर्ची फिरवून पाठमोरी बसली.

"आई, इकडं पाह्य ना," मी म्हणालो.

"दहा वर्षं टिकणारा पाह्यजे ना तुले? माह्या डोळ्यांत काचबिंदू हाये. तवरोक दिसन काय मले? ज्याच्यावर बातम्या साफ ऐकू येतात, तोच घे."

दुकानदारानं एकेकाचा आवाज ऐकवला. आईनं तिसरा निवडला. तोच घरी आणला.

रिमोटमध्ये बोलून चॅनल लावता येतं म्हणे. त्याला आपली वऱ्हाडी समजते का? कोणाला अनुभव असेल तर सांगा. आईला थोडंफार दिसतंय तोवरच सवय लावायची आहे.