मैदानाच्या दारातला नमस्कार

नुकत्याच कापलेल्या गवताचा ओला वास टिलबर्गच्या वाऱ्यावर येतो, तेव्हा त्यात शेणखताचाही वास मिसळलेला असतो, कारण शहर संपतं तिथेच गोठे सुरू होतात. महामारीच्या दुसऱ्या वसंतात, इथे परदेशात प्रबंध लिहीत असताना, मी रोज दुपारी चारच्या सुमाराला सायकल काढून वस्तीमागच्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर जात असे. फाटक बंद असे, बाकांना लाल-पांढऱ्या फिती गुंडाळलेल्या असत आणि मोठ्यांचे सामने तर कित्येक महिने झालेच नव्हते. तरीही क्लबचा म्हातारा माळी दर शुक्रवारी गवत कापून पांढऱ्या रेषा नव्याने आखायचा, आणि कुणीही न खेळलेल्या खेळाची ती स्वच्छ चौकट एप्रिलच्या तिरप्या, थंड उन्हात आठवडाभर तशीच पडून राही. मी कुंपणाबाहेर उभी राहून नागपूरच्या फोनची वाट पाही. बाबा तिथल्या एका कोविड वॉर्डात होते, आणि सिस्टरला सवड झाली की ती त्यांच्यासमोर फोन धरायची.

त्या गवताच्या वासाने मन हटकून एका दुसऱ्या मैदानावर जाई. आई गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात मी बाबांना दक्षिण थायलंडमधल्या एका जिल्ह्याच्या गावी नेलं होतं. तिथला जुना स्तूप त्यांना पाहायचा होता. वंदना झाली, दुपार कलली, आणि परतीच्या वाटेवर कुठूनशी शिट्टी ऐकू आली. बाबा कामठीचे, तरुणपणी फुटबॉलमध्ये डाव्या बगलेवरून धावणारे, त्यामुळे शिट्टी कानावर पडली की त्यांचे पाय कुणाचं ऐकत नसत. मैदान तालुक्याच्या गावात शोभेल असंच होतं: एका बाजूला शेवाळलेल्या सिमेंटच्या पायऱ्या, उरलेल्या तिन्ही बाजूंना नारळ आणि रबराची झाडं, त्यांच्यामागे धूसर होत गेलेले निळे डोंगर. हवा दमट आणि जड होती, आणि तिच्यात तळलेल्या लसणाचा, उदबत्तीचा नि भिजलेल्या मातीचा वास संथपणे तरंगत होता.

फाटकापाशी एका खांबावर छोटंसं लाकडी घर होतं, झेंडूच्या माळांनी झाकलेलं, आणि आत जाणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे क्षणभर हात जोडत होता. बाबांना बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. आमच्या घरात बुद्धाच्या मूर्तीखेरीज कशापुढे कधी उदबत्ती लागली नाही. पण हा देश बौद्धांचा, मग त्या घरात दुसरं कोण असणार, असं त्यांनी गृहीत धरलं. पुढे उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी सरकून त्यांना जागा करून दिली. बाबांनी चपला काढल्या, चष्मा माझ्या हातात दिला, दुखऱ्या गुडघ्यांची पर्वा न करता ओल्या जमिनीवर बसून तीनदा पंचांग प्रणाम केला आणि त्रिशरण पुटपुटले. उठून चष्मा लावला तेव्हा त्यांना दिसलं की माळांच्या आड बुद्ध नव्हताच. मातीचे एक म्हातारा-म्हातारी बसलेले होते, आणि त्यांच्यापुढे लाल सरबताची बाटली, तीही नळी खोचून ठेवलेली. ते त्या जागेचे राखणदार होते. आयुष्यभर लोकांच्या देव्हाऱ्यांवरून वाद घालणाऱ्या माझ्या बापाचा चेहरा असा काही पडला, की मला हसू आवरेना.

सामन्याचा पूर्वार्धभर ते माझ्यापासून दोन पायऱ्या खाली बसले. मध्यंतरात उकडलेल्या शेंगा सोलता सोलता आपणहून म्हणाले, "त्या माउलीनं सरकून जागा देली न बेटा. मंग मी का नुसता उभाच राहू?" आणि थोड्या वेळाने, "आता केला तो केला. वापस थोडीच घेता येते."

उत्तरार्धात दिवे लागले, त्यांच्याभोवती पाखरांचे ढग जमले, आणि बाबा पायऱ्यांवर उभे राहून त्या अनोळखी पोरांना कामठीच्या बोलीत ओरडून पास द्यायला सांगू लागले. आई गेल्यापासून त्यांना इतकं मोकळं मी पाहिलं नव्हतं, आणि मी मनापासून सुखावले होते. कोण जिंकलं ते आता आठवत नाही.

टिलबर्गच्या त्या कुंपणापाशी मात्र मी एक खोटं बाळगून उभी असे. विमानंच नाहीत, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं तर जाणारी विमानं होती. परत येण्याची खात्री नव्हती. माझा प्रबंध संपत आला होता, तो संपला की इथली नोकरी जवळजवळ हातात होती, आणि गेले तर दोन्ही निसटतील अशी मला भीती होती. रात्री झोपताना मी जायचं ठरवायची आणि सकाळी चहाबरोबर ते पुढे ढकलायची.

एका शुक्रवारी फोन आला. मास्कमधून प्राणवायूचा सूंसूं आवाज येत होता. "का करून राहिली?" बाबांनी विचारलं. मी फोन मैदानाकडे वळवला. ते बराच वेळ पाहत राहिले. "लाइनी मस्त मारल्या," म्हणाले. मग दम खात, एकेक शब्द सुटा करत, "तू येऊ नको बेटा. तुह्यं काम पुरं कर."

"बरं," मी म्हणाले.

मला हायसं वाटलं. इतकं, की मी कुंपणाची जाळी धरली. रडू आलं ते नंतर, सायकलीचं कुलूप काढताना, आणि ते कशाचं होतं हे मला नीट सांगता येणार नाही.

बाबा बरे झाले. प्रबंध झाला, नोकरीही मिळाली. पुढच्या वर्षी मी घरी गेले तेव्हा त्यांनी स्वतः मटण रांधलं होतं. अजूनही त्या दिवसांचा विषय निघाला की ते शेजाऱ्यांना आवर्जून सांगतात, पोरगी यायला निघालीच होती, मीच नाही म्हटलं. मी शेजारी बसून ते ऐकते. त्यांचा आवाज अगदी सहज असतो. पण तेवढं वाक्य बोलताना ते माझ्याकडे पाहत नाहीत.