बिनरेघेची पाटी

पाटी रंगवायची म्हणजे आधी दोरा मारायचा. गेरूत बुडवलेला दोरा पत्र्यावर ताणायचा, मधे चिमटीत उचलून सोडायचा, की सरळ लाल रेघ उमटते. त्या रेघेच्या आधाराने अक्षरं बसवायची. नारायण पेठेत चौतीस वर्षं मी हेच करत आलोय. फ्लेक्सवाल्यांनी धंदा खाल्ला तरी करतोय, कारण दुसरं काही येत नाही. या चौतीस वर्षांत दोरा मारताना कोणी माझा हात धरला नव्हता. बापूरावांनी धरला.

हात कसला, पक्कड! मार्केट यार्डात तीस वर्षं कांद्याची पोती वाहिलेला हमाल.

"पेंटर, रेघ मारू नगा."

"अहो, दोरा मारल्याशिवाय ओळ सरळ येत नाही."

"वाकडी येऊ द्या. पन लाल रेघ नगं."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मग फ्लेक्स छापून घ्या ना! कंप्युटर दोरा मारत नाही. आमच्या डोक्याला कशाला ताप?" असं बोलून वर पाहिलं तर गृहस्थाचे डोळे भरलेले. आता या वयाच्या माणसाला रडवून मी काय मिळवणार होतो? दोरा खाली ठेवला आणि दोन चहा सांगितले. पाटीवर काय लिहायचं ते त्यांनी आधीच कागदावर दिलं होतं. हिरडशेत. दोन्ही बाजूंना तेच.

हिरडशेत हे बापूरावांचं गाव. पुण्याच्या पश्चिमेला डोंगरात, तीस उंबऱ्यांचं. बापूराव बावीस वर्षांचे असताना धरणाची मोजणी आली. मोजणीवाल्यांनी घराघरांच्या भिंतीवर लाल रंगाची आडवी रेघ मारली. पाणी इथवर येणार. बापूरावांच्या घराची रेघ दाराच्या चौकटीच्याही वर होती.

मागोमाग कागद आले. अख्ख्या गावात सातवी पास झालेला एकटा बापूराव. देवळापुढे सगळ्यांना बसवून त्यांनी कागद मोठ्यानं वाचला. वडील, म्हणजे आबा, पुढेच बसले होते. त्यांनी विचारलं, "काय म्हनतोय रं कागद?"

"गावाच्या बदली गाव देनार म्हनतोय. करा अंगठा."

आबांनी अंगठा केला. त्यांच्यामागे तीस घरांनी केला. कागदात शेवटी बारीक अक्षरांत काय होतं ते बापूरावांनी वाचलं होतं, पण त्यांना ते कळलं नव्हतं, आणि कळलं नाही हे चारचौघांत सांगायची लाज वाटली. बदली मिळाला तो दोन जिल्हे पलीकडचा खडकाळ माळ. नाव, पुनर्वसन वसाहत क्रमांक तीन. आबा तिथे दुसरा उन्हाळा काही बघू शकले नाहीत.

"कुनी येका शब्दानं बोललं न्हाय मला," बापूराव म्हणाले. "येकानं जरी शिवी हासडली आसती ना पेंटर, तर बरं झालं आसतं."

मग ते पुण्याला आले. आधी मंडईत, मग बाजार हलला तसे मार्केट यार्डात. लग्न झालं, एक मुलगी झाली, श्रद्धा. पोरगी हुशार. इंजिनियर झाली, हिंजवडीला लागली. बायको द्वारका तेवढं बघून गेली. पण हिरडशेत हा शब्द बापूरावांनी घरात कधी काढला नाही. पोरीने लहानपणी विचारलं, सगळे सुट्टीत गावाला जातात, आपलं गाव कोणतं? तर म्हणाले, मार्केट यार्ड. पासपोर्टच्या वेळी शाळेचा दाखला बघून एजंट म्हणाला, काका, हे गाव कंप्युटरच्या यादीतच नाही, जन्मठिकाण पुणे टाकू का? म्हणाले, टाका.

पासपोर्ट कशासाठी, तर श्रद्धाला कंपनीने दोन वर्षं फ्रान्सला पाठवलं होतं, आल्प्सच्या पायथ्याच्या एका शहरात. गेल्या जूनमध्ये तिने वडिलांना बोलावून घेतलं आणि भाड्याच्या गाडीतून डोंगरातली जुनी गावं दाखवायला नेलं.

"लई देखनं हाय वो," ते सांगत होते. "जूनात डोंगरावर बर्फ. गाईच्या गळ्यात घाटी. दगडाची घरं, पाचशे-पाचशे वर्सांची, आन् अजून मानसं नांदत्यात! गावाच्या मधी दगडी हौद, त्यात बारमाही धार. आमच्या देवळापुढं आशीच व्हती."

तिथली रीत अशी की गावात शिरताना गावाच्या नावाची पाटी असते, आणि बाहेर पडताना तीच पाटी पुन्हा असते, फक्त नावावरून तिरकी लाल रेघ ओढलेली. पहिलं गाव सोडताना बापूरावांना ती दिसली. त्यांनी विचारलं, "श्रद्धा, ही रेघ कशाची गं?"

गाडी वळणावर होती. पोरगी सहज म्हणाली, "काही नाही बाबा, गाव संपलं."

झालं! पुढच्या गावाबाहेर पुन्हा तीच रेघ. त्याच्या पुढच्यालाही. बापूराव मोजत होते. पाच गावं झाली. पाचशे वर्षांची घरं, धार, देऊळ, सगळ्यावर रेघ पडलेली, आणि माणसं मात्र निवांत खिडक्यांतल्या फुलांना पाणी घालतायत. यांना कुणी कागद वाचून दाखवला असेल? काय सांगितलं असेल?

सहाव्या गावात श्रद्धा गाडी लावायला गेली, तेवढ्यात बापूराव एका घरापुढे जाऊन उभे राहिले. एक म्हातारी उंबऱ्यावर झाडत होती. त्यांनी हात जोडले आणि चक्क मराठीत सांगायला लागले, "बाई, कागदावर अंगठा करू नका. वाचून दावनाऱ्याला काय बी कळत न्हाय. लेकरू आसलं तरी त्याचं ऐकू नका."

म्हातारीला काय कळणार, कप्पाळ! पण तिने झाडू बाजूला ठेवला, या परक्या माणसाला हाताला धरून पायरीवर बसवलं आणि आतून पाण्याचा ग्लास आणला. श्रद्धा धावत आली तेव्हा दोघं पायरीवर शेजारी बसली होती आणि बापूराव लहान पोरासारखे रडत होते.

श्रद्धाने रेघेचा खरा अर्थ सांगितला. हद्द संपली एवढंच, गाव आहे तिथेच आहे. मग तिने विचारलं, "बाबा, तुम्ही कुणाला सांगत होतात हे?" गाव सोडल्यापासून पहिल्यांदा बापूरावांनी तोंडाने ते नाव काढलं. पोरीला माहीतच नव्हतं.

"आता मी ऱ्हायलो येकटा, गाव बुडालं तवा जानता आसलेला," ते मला म्हणाले. "मी गेलो की नाव कोन घेनार? म्हून पाटी. मी बुडवलं ना, मग मीच लावनार."

चहा निवून गेला होता. मघाशी काय काय बोलून बसलो होतो ते आठवून माझीच मला शरम वाटली. दोरा गुंडाळून खणात टाकला. म्हटलं, "बापूराव, नजरेनं काढतो. पण शिरोरेघ द्यावी लागेल, नाहीतर अक्षर उघडं पडतं. पांढरी देईन. ती नावाच्या डोक्यावर असते हो, अंगावरून जात नाही."

त्यांनी जरा विचार केला. "डोक्यावर चालंल. छपरावानी."

पाच अक्षरं, दोन्ही बाजूंना. चार दिवस घेतले मी. आयुष्यात इतका सावकाश ब्रश चालवला नव्हता.

दिवाळीत श्रद्धा रजेवर आली तेव्हा आम्ही तिघं तिच्या गाडीतून गेलो. रस्ता पाण्याला भिडून संपतो तिथे खड्डा घेऊन खांब रोवला. एक बाजू रस्त्याकडे, एक पाण्याकडे. मी विचारलं, पाण्याच्या बाजूने कोण येणार आहे वाचायला? श्रद्धाने मला डोळ्यांनी गप्प केलं. म्हटलं बरोबर आहे, आगाऊपणाच झाला.

खांब पक्का झाल्यावर बापूरावांनी टोपी नीट केली आणि पाण्याकडे तोंड करून, देवळापुढे कागद वाचला असेल तसं, खड्या आवाजात एकेक अक्षर वाचलं. "हि. र. ड. शे. त." शेजारी उभ्या श्रद्धाने मागोमाग तेच म्हटलं. मग आवाज एकदम खाली आणून बापूराव पाण्याला म्हणाले, "आबा, बारीक अक्षरात काय बी न्हाय. समदं वाचलंय मी. ह्याला अंगठा नगं."