गोल हॉलच्या पायरीवर बसवलेली सासू

मंडळी, आज माझीच मला लाज वाटतेय.

महाडच्या जुन्या गोल हॉलात आमच्या बचत गटाचं प्रदर्शन होतं. पोलादपूरवरनं सासूला संगती आणलं. पन आत गर्दी. मी म्हटलं, "आत्या, मधेमधे नको. पायरीवर बसा नि पिशव्या सांभाळा."

दुपारी भाकरी द्यायला बाहेर आले, तर ती मान वर करून छपराकडं बघत होती.

"ह्यो स्लॅब घातला तवा मी पोर होते. आम्हीच घमेली वाहिली. मग शेतीचं पयलं प्रदर्शन भरलं, तर शिपायानं आम्हाला हितंच बसवलं. आतून कसा हाय गो?"

हाताला धरून आत नेली. वर बघून म्हणाली, "बरा झालाय."

तो शिपाई तरी परका होता. मी तर घरची. तुमच्या घरचं कोन बसलंय असं बाहेर?