तीनच आरत्या

सोसायटीचा अध्यक्ष म्हणून मी यंदा गणपतीत एकच हुकूम काढला: रोज आरत्या तीनच. तळमजल्यावरच्या नेने आजोबांना फार वेळ उभं राहवत नाही आणि खुर्चीत बसून आरती म्हणायला ते तयार नाहीत, म्हणून.

काल तिसरी संपली. मी समारोपासाठी तोंड उघडतोय, तोच मागून कुणीतरी चौथी उचलली! आता काय करणार, सांगा. उर्मटाला झापता येतं; पण डोळे मिटून, टाळ्या वाजवत केलेलं बंड मोडायचं कसं? सुरू झालेली आरती थांबवायची छाती कुठल्या अध्यक्षाला आहे? उलट मलाच टाळ्या वाजवत उभं राहावं लागलं.

ती संपताच मी गर्रकन वळून गरजलो, "कोण आहे तो?"

"मी," भिंतीला टेकलेले, घामाघूम नेने आजोबा म्हणाले.

"अहो आजोबा, तुमच्यासाठीच तर नियम केला!"

"मग मीच मोडला तर कुणाचं काय गेलं? चला अध्यक्ष, पाचवी घेतोय."

मी चरफडत जाऊन त्यांना दंडाला धरलं. हात अडकल्यामुळे पाचवीला मला टाळ्यासुद्धा वाजवता आल्या नाहीत.