दोघांच्या गोळ्या

“आदी बस. सांगायचं मागनं,” असं म्हणत आमची मावशी पदरानं बाकावरची धूळ पुसायची. धूळ नसली तरी पुसायची. समोरच्या बाईला धीर यायला तेवढा वेळ लागतो, हे तिला ठाऊक होतं.

सत्तरच्या दशकात मी शिराळ्याजवळच्या एका सरकारी दवाखान्यात नवी नर्स होते आणि मावशी तिथली आया. तिला अक्षरओळख नव्हती, पण बायकांचं दुखणं तिला माझ्याआधी कळायचं. तुम्हीही कधी पाहिलं असेल, बाई स्वतःसाठी म्हणून दवाखान्यात येतच नाही. कडेवर लेकरू असतं आणि केसपेपरवर त्याचा खोकला लिहिलेला असतो. आमचे डॉक्टर पुरुष. त्यांच्यापुढं बायका फार तर कंबर दुखते म्हणायच्या आणि कंबरेची गोळी घेऊन घरी जायच्या. मावशी मात्र लेकरू आपल्याकडे घेऊन विचारायची, “खोकला हिला हाय का तुला?” बाई आधी हसायची, मग रडायची, आणि मग अंगावरून पांढरं जातंय हे सांगायची.

मी वही काढली की मावशी मला दटावायची. पेन बघून बायका गप्प होतात, म्हणायची.

मावशी बौद्धवाड्यातली. ज्या बायका तिला आपला उंबरा ओलांडू देत नसत, त्याच तपासताना तिचा हात घट्ट धरायच्या. माझा तिळपापड व्हायचा. ती म्हणायची, “दुखताना कुणाचाबी हात चालतो. बरं झाल्यावरचं मागनं बघू.”

दोन मैलांवरच्या वाडीतली एक सून अशीच आली. घरचा ऊस, नवरा फौजेत, दोन महिन्यांच्या रजेवर आलेला. तिला आग होत होती, खाज सुटत होती, वास येत होता. सासू म्हणत होती, पोरगी नासकी निघाली, हिला आटपाडीला माहेरी नेऊन घालते, पोराला दुसरी बघते. मी तपासलं, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, तिच्या आणि नवऱ्याच्याही. एकट्यानं घेऊन भागत नाही, हे मी तिला चांगलं तीनदा सांगितलं. तिनं तीनदा मान हलवली.

दहा दिवसांनी ती परत आली ती उलट्यांनी बेजार होऊन. सासूला वाटलं, सुनेला दिवस गेले. तिनं देवाला नारळही फोडला होता. मी तपासलं, तर दिवस नव्हतेच आणि आगही कमी नव्हती. मावशीनं तिला बसवलं आणि हळूहळू खरं काय ते बाहेर आलं. नवऱ्याच्या गोळ्याही तिनंच खाल्ल्या होत्या. त्याला घ्या म्हणायचं कसं, दुखणं तुमचंच म्हटल्यासारखं व्हायचं.

“त्यांच्यासाटी उपास मीच धरते न्हवं?” ती मला म्हणाली. “मग गोळीबी मीच खाल्ली.”

मला हसू आवरेना. मावशी हसली नाही. दिवस नाहीत हे सासूला आज ना उद्या कळणार होतं, आणि मग आटपाडी काही चुकत नव्हती.

त्याच दिवशी डॉक्टरांकडून दोघांच्या गोळ्या पुन्हा घेऊन मावशी माझ्यासह वाडीला गेली. सासूनं सोप्यातूनच तिला अंगणात थांबायला सांगितलं. मावशी थांबली आणि तिनं तिथूनच फौजीला हाक मारली.

“दादा, पलटणीत गोळी देत्यात तवा कशाला म्हून इचारता व्हय?”

तो गोंधळून नाही म्हणाला.

“मग ही घ्या. सात दिस, माज्यासमोर.”

माझ्या पोराला काय धाड भरलीय, असं म्हणत सासू अंगावर आली. मावशीनं आवाज चढवला नाही. “कुणाचं कुणाला, त्ये आमी इचारत न्हाई. पर दोगांनी घेटल्याबिगर ह्ये जात न्हाई. सुनंला धाडलीसा तरी दुखणं हितंच ऱ्हाईल.”

 फौजीनं खाली बघतच हात पुढं केला.

सात दिवस मावशी रोज सकाळी दोन मैल चालत जाऊन त्या अंगणात उभी राहायची आणि तशीच कामावर यायची. रजा संपवून फौजी गेला. सून बरी झाली आणि त्याच घरात राहिली. सासू मात्र बाजारात मावशी दिसली की तोंड फिरवायची.

पुढच्या वर्षी मावशीला कावीळ झाली. मिरजेला नेलं, पण ती वाचली नाही. माझी तिच्यावर फार माया होती, आणि ती गेल्यावर कितीतरी दिवस मला दवाखान्यात जायचीच भीती वाटायची.

महिन्याभरानं एका दुपारी ती सासू आली. आत न येता तिनं मावशी कुठं आहे म्हणून विचारलं. वाडीपर्यंत बातमी पोचली नव्हती. मी मावशी गेल्याचं सांगितलं. मला वाटलं, आता परत जाईल. पण ती आत आली आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

“ईस वर्सं झाली, बाई,” ती म्हणाली. “सुनंचं व्हतं, तसंच माजं. कुणाला बोलले न्हाई. तिला सांगावं म्हून आलते.”