वरची कडी

लहान मुलांच्या घरी कड्या बसवायचं काम सुरू केलं की किस्से मागे लागतातच. शुक्रवार पेठेत माझं सुतारकामाचं दुकान आहे. मी ते सांगायला लागलो की माझा दुधनी गावचा जोडीदार मल्लप्पा हात जोडतो, "बास की! जेवण जात न्हाय मला!"

*

एका दोन वर्षांच्या पोरीनं बाथरूमची कडी आतून लावून घेतली. आत काठोकाठ भरलेली बादली! मी पहारीनं दार उखडेपर्यंत हाका मारून आईचा घसा बसला. पोरगी बादलीला धरून खदखदा हसत होती. आईनं आधी तिला एक ठेवून दिली, मग छातीशी धरून रडली.

मी निघताना मलाच म्हणते, "दार लई हलकं हाय हो!"

*

एका बापाला म्हटलं, वाऱ्यानं दार आपटतंय, स्टॉपर लावून घ्या.

"आमचं पोरगं हुशार हाय. बोट घालतंय व्हय तितं?"

आठवड्यात दुकानात हजर. पोराच्या करंगळीचं टोक गेलं होतं. "स्टॉपर द्या," एवढंच म्हणाला. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, पण त्याचा चेहरा बघून गिळल्या.

*

एकानं स्वयंपाकघराच्या दाराला ऑनलाइन मागवलेलं चाइल्ड लॉक लावलं. ते उघडताना मोठ्या माणसांना दर वेळी घाम फुटायचा, म्हणून मला बोलावलं. मी खटपट करतोय तोवर चार वर्षांचं कार्टं पुढे आलं.

"काका, असं दाबायचं!"

सगळं घर हसलं. आत गॅसवर तेल तापत होतं. मला काही हसू आलं नाही.

*

गेल्या महिन्यात भर दुपारी माढ्याकडचा एक माणूस आला. गच्चीच्या दाराला कडी हवी होती. माझी पद्धत ठरलेली आहे. लेकराला दाराशी उभं करून हात वर करायला लावायचे, मग स्टुलावर चढवून पुन्हा, आणि हात पोचेल त्याच्याही वर पेन्सिलची खूण करून तिथं कडी मारायची. त्याच्या घरी गेल्यावर म्हटलं, "बोलवा लेकराला."

तो गच्चीच्या दाराकडं बघून म्हणाला, "पंधरा दिस झालं त्याला जाऊन. ह्याच गच्चीवरनं पडला."

"मग आता कडी कशाला हो?" माझ्या तोंडून निघूनच गेलं. अजून लाज वाटते.

त्यानं बायकोला हाक मारली. "हिचं माप घ्या. रातची उठून गच्चीच्या कठड्याशी जाती ही."

ती आली. दाराला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हात वर केले.

"स्टूलबी आणू का?" तिनं विचारलं.